थॉमस मिजली (कनिष्ठ)

थॉमस मिजली (कनिष्ठ) (जन्म: १८ मे १८८९, बीव्हर फॉल्स, पेन्सिल्व्हेनिया; मृत्यू: २ नोव्हेंबर १९४४, वर्दिंग्टन, ओहायो) हे अमेरिकन यांत्रिक अभियंता व रसायनशास्त्रज्ञ होते. पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग आणि शीतकपाटे व वातानुकूलन यंत्रांत वापरले जाणारे फ्रिऑन हे प्रशीतक या दोन शोधांसाठी ते ओळखले जातात. हयातीत त्यांना अमेरिकेतील रसायनशास्त्राचे बहुतेक सर्वोच्च सन्मान मिळाले. मृत्यूनंतर काही दशकांतच हे दोन्ही पदार्थ मानवी आरोग्यास व पृथ्वीच्या वातावरणास घातक असल्याचे सिद्ध झाले आणि जगभर त्यांवर बंदी आली. जुन्या मोटारींची वातानुकूलन यंत्रणा आज पूर्ववत करावयाची झाल्यास ज्या मुख्य अडचणीला तोंड द्यावे लागते, तिचे मूळ मिजली यांच्या १९२८ मधील शोधात आहे.

बालपण व शिक्षण

मिजली यांच्या घराण्यात संशोधनाची परंपरा होती. त्यांचे वडील थॉमस मिजली (ज्येष्ठ) हे मोटारीच्या टायरांच्या क्षेत्रातील संशोधक होते, तर आईचे वडील जेम्स इमर्सन यांनी बदलता येणाऱ्या दातांची करवत तयार केली होती. मिजली यांचे बालपण ओहायो राज्यातील कोलंबस येथे गेले. कॉर्नेल विद्यापीठातून १९११ साली त्यांनी यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेतली. रसायनशास्त्राचे औपचारिक उच्च शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. ते ज्ञान त्यांनी पुढे कामाच्या ओघात स्वतःच मिळवले. मूलद्रव्यांच्या आवर्त सारणीचे त्यांना विशेष आकर्षण होते आणि त्यांच्या दोन्ही प्रमुख शोधांत या सारणीचा उपयोग झाला. १९११ मध्येच त्यांचा विवाह कॅरी रेनॉल्ड्स यांच्याशी झाला. या दांपत्यास दोन अपत्ये होती.

डेटन येथील संशोधन

पदवीनंतर मिजली यांनी डेटन येथील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत व नंतर वडिलांच्या टायर व्यवसायात काम केले. १९१६ साली ते चार्ल्स केटरिंग यांच्या डेटन येथील प्रयोगशाळेत रुजू झाले. मोटार सुरू करण्यासाठी हाताने दांडा फिरवण्याची गरज संपवणारा विजेचा स्टार्टर केटरिंग यांनीच तयार केला होता. पुढे ही प्रयोगशाळा जनरल मोटर्स या कंपनीत समाविष्ट झाली आणि केटरिंग कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख झाले.

केटरिंग यांनी मिजली यांच्यावर सोपवलेला प्रश्न इंजिनातील ठोक्यांचा होता. इंजिनावर ताण आला की सिलिंडरमधील इंधन सुरळीत न जळता त्याचा काही भाग एकाएकी पेट घेई. त्यामुळे खणखण असा आवाज होई, शक्ती वाया जाई आणि दट्ट्यांना इजा पोहोचे. अधिक दाबाची व अधिक कार्यक्षम इंजिने तयार करण्याच्या मार्गातील हा मोठा अडथळा होता.

प्रारंभीचा एक प्रयोग चुकीच्या तर्कावर आधारलेला होता. थंडीत लवकर फुलणाऱ्या एका रानवेलीची पाने लालसर असतात. लाल रंग उष्णता अधिक शोषत असेल, तर इंधनास लाल रंग दिल्याने ते लवकर वाफ होईल, असा विचार केटरिंग व मिजली यांनी केला. भांडारात लाल रंग शिल्लक नसल्याने मिजली यांना आयोडीन देण्यात आले. ते मिसळताच ठोके थांबले. नंतर खरे लाल रंग वापरून पाहिले असता त्यांचा काहीच परिणाम झाला नाही. गुण रंगाचा नसून पदार्थाचा आहे, हे यावरून स्पष्ट झाले. आयोडीन महाग आणि धातू गंजवणारे असल्याने दुसऱ्या पदार्थांचा शोध सुरू झाला. ॲनिलीन, सेलेनियम व टेल्युरियम यांची संयुगे तपासण्यात आली. टेल्युरियमची संयुगे प्रभावी होती. परंतु त्यांचा दुर्गंध प्रयोग करणाऱ्यांच्या अंगाला व कपड्यांना इतका चिकटे की अंघोळीनेही तो जात नसे.

शिसेयुक्त पेट्रोल

आवर्त सारणीत पदार्थांचे स्थान व त्यांचा ठोकेरोधक गुण यांचा संबंध लावत मिजली व त्यांचे सहकारी जड धातूंपर्यंत पोहोचले. ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेडची चाचणी झाली आणि इंधनात अत्यल्प प्रमाणात मिसळूनही ठोके पूर्णपणे थांबल्याचे आढळले. हे संयुग नवे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ते रसायनशास्त्रज्ञांना ज्ञात होते. ते विषारी असल्याचेही ठाऊक होते. अल्कोहोल मिसळल्याने ठोके कमी होतात, हे मिजली यांना त्यांच्याच प्रयोगांतून माहीत होते. तथापि अल्कोहोल मोठ्या प्रमाणात मिसळावे लागे आणि त्यावर कोणा एका कंपनीची मालकी राहिली नसती. शिशाच्या संयुगाचा वापर एकस्वाधिकाराने सुरक्षित करता येत होता.

२ फेब्रुवारी १९२३ रोजी डेटन येथे शिसेयुक्त पेट्रोलची पहिली विक्री झाली. या इंधनाला एथिल हे नाव देण्यात आले. त्यात शिशाचा उल्लेख नव्हता. त्याच सुमारास मिजली यांना स्वतःला शिशाची विषबाधा झाली आणि विश्रांतीसाठी ते काही काळ फ्लोरिडात राहिले. १९२४ मध्ये जनरल मोटर्स व न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइल कंपनी यांनी मिळून एथिल गॅसोलिन कॉर्पोरेशनची स्थापना केली. केटरिंग तिचे अध्यक्ष व मिजली उपाध्यक्ष होते.

कामगारांचे मृत्यू व वाद

डेटन येथील प्रायोगिक कारखान्यात दोन कामगार दगावले. न्यू जर्सीतील डीपवॉटर येथील कारखान्यातही मृत्यू झाले. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतीलच बेवे येथील शुद्धीकरण कारखान्यात पाच कामगार भ्रम, झटके व उन्माद अशा अवस्थेत मरण पावले आणि कित्येकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. न्यूयॉर्क व फिलाडेल्फिया या शहरांनी आणि न्यू जर्सी राज्याने विक्रीवर बंदी घातली.

३० ऑक्टोबर १९२४ रोजी मिजली यांनी पत्रकारांसमोर टेट्राएथिल लेड आपल्या हातांवर ओतून घेतले आणि त्याच्या बाटलीला नाक लावून सुमारे एक मिनिट वाफ हुंगली. असे रोज केले तरी अपाय होणार नाही, असा त्यांचा दावा होता. ज्या विषाने दीड वर्षापूर्वी त्यांना स्वतःला अंथरुणाला खिळवले होते, त्याच विषाविषयी हे प्रात्यक्षिक होते.

मे १९२५ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनी बोलावलेल्या परिषदेत ॲलिस हॅमिल्टन व येल विद्यापीठाचे यँडेल हेंडरसन यांनी शिशामुळे सार्वजनिक आरोग्यास असलेला धोका मांडला. या काळात विक्री थांबवण्यात आली होती. जानेवारी १९२६ मध्ये समितीने आपला अहवाल दिला. विक्रीवर बंदी घालण्यास पुरेसे कारण आढळले नसल्याचे मत तीत नोंदवले होते. मात्र पुढील अभ्यासाची शिफारसही होती. उत्पादनात सुरक्षेचे नियम लागू करून विक्री पुन्हा सुरू झाली. कारखान्यातील कामगारांचा धोका कमी झाला. रस्त्यावर सर्वत्र पसरणाऱ्या धुराचा प्रश्न पुढील चार दशके मागे पडला.

अविषारी प्रशीतकाचा शोध

१९२० च्या दशकात घरगुती शीतकपाटांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथिल क्लोराइड हे प्रशीतक म्हणून वापरले जात. हे पदार्थ विषारी होते व त्यांतील काही ज्वालाग्राही होते. रात्री नळीतून गळती होऊन घरातील माणसे मृत्युमुखी पडल्याच्या घटना घडत. त्यामुळे अनेकजण शीतकपाट घराबाहेर, ओसरीवर ठेवत. फ्रिजिडेअर ही शीतकपाटे बनवणारी कंपनी जनरल मोटर्सच्या मालकीची होती. १९२८ साली केटरिंग यांनी विषारी नसलेला व पेट न घेणारा प्रशीतक शोधण्याचे काम मिजली यांच्याकडे दिले.

मिजली, आल्बर्ट हेने व रॉबर्ट मॅकनेरी यांनी पुन्हा आवर्त सारणीचा आधार घेतला. आवश्यक उत्कलनबिंदू असलेली संयुगे सारणीच्या उजव्या बाजूच्या मूलद्रव्यांपासूनच मिळतात. त्या गटात खालून वर जाताना विषारीपणा घटतो व उजवीकडे जाताना ज्वालाग्राहीपणा कमी होतो, असे त्यांच्या लक्षात आले. या दोन्ही रेषा फ्लोरिनजवळ मिळत होत्या. फ्लोरिन स्वतः अतिशय घातक असल्याने त्याची संयुगे कोणी विचारात घेतली नव्हती. परंतु कार्बनशी त्याचा बंध इतका पक्का असतो की तो सहजासहजी सुटत नाही, हे या तिघांनी ताडले.

संयुग बनवण्यासाठी लागणाऱ्या अँटिमनी ट्रायफ्लोराइडच्या पाच बाटल्या मिळाल्या. त्यांपैकी एकीतील पदार्थ वापरून केलेला वायू गिनीपिगला दिला असता त्याला काहीही झाले नाही. दुसऱ्या बाटलीपासून केलेल्या वायूने मात्र प्राणी मेला. तपासाअंती असे दिसले की पाचपैकी चार बाटल्यांतील पदार्थ अशुद्ध होता आणि त्यामुळे फॉस्जीन हा प्राणघातक वायू मिसळला जात होता. क्षाराच्या द्रावणातून वायू धुतल्यावर तो दोष नाहीसा झाला. आरंभी योगायोगाने अशुद्ध बाटली उचलली गेली असती, तर हे संशोधन तेथेच सोडून दिले गेले असते, असे मिजली पुढे सांगत.

या संशोधनातून डायक्लोरोडायफ्ल्युओरोमिथेन हे संयुग पुढे आले. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे उणे ३० अंश सेल्सिअस आहे. एप्रिल १९३० मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत मिजली यांनी हा वायू छातीत भरून घेतला आणि जळत्या मेणबत्तीवर सोडून ती विझवली. तो श्वासावाटे घेता येतो व पेट घेत नाही, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच कृतीत दाखवल्या. त्याच वर्षी जनरल मोटर्स व ड्युपाँट यांनी स्थापन केलेल्या कंपनीमार्फत फ्रिऑन या नावाने त्याचे उत्पादन सुरू झाले. तांत्रिक व्यवहारात ते आर-१२ या नावाने ओळखले जाते.

मोटारीतील वातानुकूलन

बंदिस्त मोटारीत माणसे प्रशीतकाच्या नळ्यांपासून हातभर अंतरावर बसतात. गळती झाल्यास पळून जाण्यास जागा नसते. त्यामुळे अमोनिया किंवा सल्फर डायऑक्साइड वापरून मोटार थंड करणे व्यवहार्य नव्हते. आर-१२ मुळे ही अडचण दूर झाली. पॅकार्ड कंपनीने १९४० च्या गाड्यांत कारखान्यातच बसवलेली वातानुकूलन यंत्रणा २७४ डॉलर अधिक किमतीत देऊ केली. तिचा थंड करणारा भाग मागील सामानाची जागा व्यापून टाकी. कॉम्प्रेसरला क्लच नसल्याने यंत्रणा कायमची बंद ठेवायची तर इंजिन थांबवून पट्टा काढावा लागे. दुसऱ्या महायुद्धात हे उत्पादन थांबले. १९५३ पासून अमेरिकी कंपन्यांनी ही सोय पुन्हा देण्यास सुरुवात केली आणि १९५४ च्या नॅश गाडीत संपूर्ण यंत्रणा पुढील भागात बसवण्यात आली. मोटारीतील वातानुकूलनाचा हा प्रसार पाहण्यास मिजली हयात नव्हते.

अन्य कार्य व सन्मान

शिसेयुक्त पेट्रोल जळल्यावर इंजिनात शिशाचा थर साचे. तो वाहून नेण्यासाठी ब्रोमिनचे संयुग लागे. एवढे ब्रोमिन समुद्राच्या पाण्यातून मिळवण्याच्या प्रयत्नांत मिजली यांचा सहभाग होता. या उद्देशाने उभारलेला कारखाना १९३४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील क्युर बीच येथे सुरू झाला. नैसर्गिक व कृत्रिम रबराच्या रचनेवरही त्यांनी संशोधन केले. त्यांच्या नावावर शंभराहून अधिक एकस्वे आहेत.

त्यांना निकोल्स पदक, पर्किन पदक (१९३७), प्रिस्टली पदक (१९४१) व विलर्ड गिब्ज पदक (१९४२) मिळाले. १९४२ मध्ये त्यांची राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवड झाली. १९४४ मध्ये ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष होते.

आजारपण व मृत्यू

१९४० साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मिजली यांना पोलिओ झाला आणि त्यांचे पाय अधू झाले. अंथरुणातून उठता यावे म्हणून त्यांनी दोर व कप्प्या यांची एक यंत्रणा स्वतःच तयार केली. २ नोव्हेंबर १९४४ रोजी याच दोरांनी गळा आवळला जाऊन त्यांचा मृत्यू झाला. हा अपघात असल्याचे दीर्घकाळ सांगितले गेले. मृत्यूच्या अधिकृत नोंदीत मात्र आत्महत्या असा निर्णय असल्याचे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. मृत्युसमयी ते ५५ वर्षांचे होते. कोलंबस येथील ग्रीन लॉन दफनभूमीत त्यांचे दफन झाले.

शोधांचे पुढील परिणाम

भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी पृथ्वीचे वय मोजताना सर्वत्र शिशाचे प्रदूषण असल्याचे ओळखले आणि १९६५ पासून त्याविरुद्ध जाहीरपणे लिखाण केले. शिशाचा लहान मुलांच्या मेंदूवर होणारा परिणाम पुढे सिद्ध झाला. अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोलवर १९९६ पासून पूर्ण बंदी आली. भारतात मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई या शहरांत १९९५ मध्ये शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि २००० साली देशभर शिसेयुक्त पेट्रोलची विक्री थांबली. २०२१ मध्ये अल्जीरियाने विक्री बंद केल्यावर मोटारींसाठीचे शिसेयुक्त पेट्रोल जगातून नाहीसे झाले.

क्लोरोफ्ल्युओरोकार्बनांचा धोका १९७४ मध्ये मारिओ मोलिना व शेरवूड रोलंड यांनी दाखवून दिला. ज्या स्थैर्यामुळे हे वायू निरुपद्रवी ठरले होते, त्याच स्थैर्यामुळे ते न विघटता स्थितांबरापर्यंत पोहोचतात. तेथे अतिनील किरणांनी त्यांतील क्लोरिन मोकळे होते आणि ओझोनचा नाश करते. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनच्या थरातील घट जाहीर झाली. १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. भारत १९९२ मध्ये या करारात सहभागी झाला.

जुन्या मोटारींतील आर-१२

अमेरिकेत आर-१२ चे उत्पादन १९९५ च्या अखेरीस थांबले आणि नव्या मोटारींत आर-१३४ए हा प्रशीतक आला. त्यापूर्वीच्या गाड्यांची वातानुकूलन यंत्रणा दुरुस्त करताना दोन पर्याय असतात. पहिला म्हणजे जुन्या यंत्रणांतून परत मिळवून शुद्ध केलेला आर-१२ नियमांनुसार पुन्हा भरणे. दुसरा म्हणजे यंत्रणेत बदल करून आर-१३४ए वापरणे.

नव्या वायूची केवळ भरणी करून हे काम होत नाही. आर-१२ सोबत वापरले जाणारे खनिज तेल आर-१३४ए मध्ये मिसळत नाही. त्यामुळे ते वायूबरोबर फिरून कॉम्प्रेसरकडे परतत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून निकामी होतो. म्हणून जुने तेल काढून, नळ्या धुऊन, नव्या प्रकारचे तेल घालावे लागते. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीत कॉम्प्रेसरच्या दांड्याभोवतालचे सील कोरडे पडलेले असते. ते व सांध्यांवरील रबरी कडी बदलल्या जातात. जुन्या साध्या रबरी नळ्यांतून नव्या वायूचे लहान रेणू झिरपत असल्याने आतून अस्तर असलेल्या नळ्या वापरणे हितावह ठरते. ओलावा शोषणारी कुपी नवी बसवतात, कारण आत राहिलेले पाणी प्रसरण झडपेत गोठते व प्रशीतकाशी संयोग पावून आम्ल तयार करते. कोरड्या नायट्रोजनने दाब देऊन गळती तपासल्यावर निर्वात पंपाने यंत्रणेतील हवा व ओलावा काढला जातो. त्यानंतर वायू वजन करून भरतात. आर-१३४ए चे प्रमाण साधारणतः मूळ आर-१२ च्या ८० ते ९० टक्के असते. उन्हात गाडी उभी असताना नव्या वायूचा दाब अधिक चढतो. त्यामुळे जुना संघनक अपुरा पडल्यास मोठा संघनक किंवा अधिक जोरकस पंखा बसवावा लागतो. शेवटी भरणीच्या तोंडांवर नवे जोड बसवून कोणता वायू भरला आहे, याची चिठ्ठी इंजिनाजवळ लावली जाते.

या सर्व कामातील पहिली पायरी म्हणजे यंत्रणेत उरलेला आर-१२ हवेत न सोडता यंत्राने गोळा करणे. तो हवेत सोडणे अमेरिकेत १९९२ पासून कायद्याने मना आहे. हा वायू वातावरणात सुमारे शंभर वर्षे टिकतो आणि शतकभराच्या हिशेबात त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दहा हजारपट आहे. एका मोठ्या जुन्या मोटारीतील दीड किलो वायू सोडून दिल्यास तो सुमारे १५ टन कार्बन डायऑक्साइडएवढा परिणाम करतो. पूर्वी गळती शोधण्यासाठी ज्योतीचा दिवा वापरत. वायू लागताच तांब्याच्या पत्र्यावरील ज्योत हिरवी होई. त्या ज्योतीत आर-१२ चे विघटन होऊन अल्प प्रमाणात फॉस्जीन तयार होत असल्याने ही पद्धत मागे पडली.

मूल्यमापन

पर्यावरणाचे इतिहासकार जे. आर. मॅकनील यांच्या मते पृथ्वीच्या वातावरणावर मिजली यांच्याइतका परिणाम अन्य कोणत्याही एका सजीवाने केलेला नाही. मात्र त्यांच्या दोन शोधांचे स्वरूप सारखे नाही. टेट्राएथिल लेड विषारी असल्याचे ते बाजारात येण्यापूर्वीच माहीत होते आणि त्याच्या धोक्याकडे दुर्लक्ष करण्यात मिजली यांचा स्वतःचा वाटा होता. आर-१२ चा ओझोनवरील परिणाम मात्र १९२८ मध्ये कोणालाही ज्ञात नव्हता. त्या काळच्या विषारी प्रशीतकांपासून त्याने असंख्य कुटुंबांचे रक्षण केले. अन्न टिकवणे व उष्ण प्रदेशांतील जीवन सुसह्य करणे यांतही त्याचा मोठा वाटा होता. पहिल्या शोधाची हानी रोखण्यास जगाला जवळपास शंभर वर्षे लागली. दुसऱ्याची हानी लक्षात आल्यावर तेरा वर्षांत आंतरराष्ट्रीय करार झाला. ओझोनचा थर आता हळूहळू पूर्ववत होत असल्याचे निरीक्षणांवरून दिसते.